डाव्या पायाचे बारा आठवडे

उजव्या पकडीने खेळणाऱ्या ज्युदोपटूचा डावा पाय खळ्यातल्या तिवड्यासारखा असतो. सगळं त्याच्याभोवती फिरतं. उची माता हा डाव मारताना उजवा पाय समोरच्या मुलीच्या मांड्यांमधून मागे-वर उसळतो, तो सगळ्यांना दिसतो. फोटोतही तोच येतो. पण त्या क्षणी माझं आणि तिचं मिळून वजन माझ्या डाव्या चवड्यावर असतं. मी ५७ किलोखालच्या गटात खेळते. म्हणजे एकशे दहा किलोच्या आसपास भार, एका चवड्यावर, आणि तोही वळता वळता.

मागच्या जूनमध्ये रांदोरीत, म्हणजे मोकळ्या सरावात, जोडीदारणीने दे आशी बाराई मारली. मी पाऊल टेकवतच होते आणि तिच्या तळव्याने ते बाहेरून आत सरकवलं. यात दोष तिचा नव्हता, तो डाव असाच असतो. माझं पाऊल आतल्या बाजूला मुडपलं, करंगळीची कड मॅटवर आली आणि घोट्यातून कट् असा आवाज आला. रात्रीपर्यंत घोट्याचं हाड सुजेत दिसेनासं झालं. एक्स-रेत मोडलेलं काही नव्हतं. बाहेरच्या बाजूच्या तीन लिगामेंटपैकी पुढचं अर्धवट फाटलं होतं. पाय मुरगळला की बहुतेक वेळा पहिला मार त्यालाच बसतो.

तीन आठवडे पट्टा, मग हळूहळू चालणं. सहाव्या आठवड्यात दुखणं थांबलं आणि मी मॅटवर परतले. त्या सहा आठवड्यांत विश्रांतीखेरीज काही करायला हवं असतं हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दुखत नाही म्हणजे बरं झालं, असंच मी धरून चालले होते. ऑगस्टमधल्या स्पर्धेत पहिल्याच लढतीत पाऊण मिनिटात मी पाठीवर होते. उची माताला आत शिरले, डावा पाय रोवला, तो किंचित थरथरला आणि तेवढ्यात समोरचीने आपला पाय काढून घेऊन मला माझ्याच जोरावर पुढे फेकलं. इप्पोन, म्हणजे पूर्ण गुण आणि लढत तिथेच संपली. पुढच्या पंधरवड्यात सरावातही तेच तीनदा झालं. सर कडेला उभे राहून बघत होते. तिसऱ्या वेळी जवळ येऊन म्हणाले, "तुझा डाव चुकत नाहीये. तू उभीच राहत नाहीयेस."

त्यांनीच एका फिजिओ ताईंकडे पाठवलं. ताईंनी आधी काही विचारलंच नाही. अनवाणी उभं केलं, हात कमरेवर, एक पाय वर, डोळे बंद, आणि घड्याळ लावलं. उजव्या पायावर मी २७ सेकंद उभी राहिले. डाव्यावर ६. मला वाटलं काहीतरी गडबड झाली, म्हणून परत केलं. परत ६.

मग वाय बॅलन्स चाचणी. जमिनीवर चिकटपट्टीने इंग्रजी वाय आखलेला. मध्यावर एका पायावर उभं राहायचं, टाच उचलायची नाही, आणि दुसऱ्या पायाचं बोट तीन दिशांना जमेल तितकं लांब न्यायचं: समोर, मागे आतल्या बाजूला आणि मागे बाहेरच्या बाजूला. आलेले आकडे पायाच्या लांबीशी ताडून बघायचे. ही लांबी कमरेच्या पुढच्या हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत मोजतात. माझी ८४ सेंटिमीटर भरली. उजव्या पायावर उभी असताना ६२, ९८ आणि ९३. डाव्यावर ५५, ९० आणि ८४. तिन्हींची बेरीज पायाच्या लांबीच्या तिपटीने भागली की उजव्याचे शंभर टक्के भरले आणि डाव्याचे एक्क्याण्णव. ताईंचं बोट मात्र पहिल्या आकड्यावर थांबलं. "समोरच्या दिशेला सात सेंटिमीटरचा फरक आहे," त्या म्हणाल्या. २००६ मध्ये अमेरिकेत शाळकरी बास्केटबॉल खेळाडूंवर झालेल्या एका अभ्यासात, दोन पायांत ४ सेंटिमीटरहून जास्त फरक असलेल्यांना पायाच्या दुखापतींचा धोका अडीच पट दिसला होता. माझा खेळ वेगळा, वय वेगळं, पण सात हा आकडा ऐकून पोटात गोळा आला.

मला खरं तर हे कुठेतरी अन्यायाचं वाटत होतं. अकरा वर्षं ज्युदो खेळल्यावर तोल तरी चांगला असायला हवा की नाही? तो असतोही. २००२ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी ज्युदोपटू आणि नर्तक यांचा तोल ताडून पाहिला होता. डोळे उघडे असताना दोन्ही गट सामान्य माणसांपेक्षा स्थिर होते. डोळे मिटल्यावर ती आघाडी फक्त ज्युदोपटूंची टिकली. कारण आम्ही नजरेपेक्षा पकडीतून आणि तळपायातून समोरच्याचं वजन वाचायला शिकतो. ताईंनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरोबर. आणि तुझा वाचणारा भागच फाटलाय."

हे मला नीट समजून घ्यायला थोडा वेळ लागला. तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या बातमीवर चालतो: डोळे, कानाच्या आतला भाग, आणि सांधे, स्नायू, तळवा यांतले संवेदक. लिगामेंट ही नुसती बांधून ठेवणारी दोरी नसते. पाऊल कुठल्या कोनात आहे हे तिच्यातूनही मेंदूला कळतं. ती फाटली की बातमी उशिरा जाते आणि अपुरी जाते. मग पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे पेरोनियल स्नायू, ज्यांनी पाऊल मुडपायच्या आत झटका देऊन सरळ करायचं, ते उशिरा जागे होतात. दुखणं केव्हाच गेलेलं असतं, पण हा उशीर आपोआप भरून येत नाही. एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो तो बऱ्याचदा याच उशिरामुळे.

ज्युदोत तर सगळा खेळ या उशिराचाच आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान सुरू केलं आणि डावाचे तीन भाग शिकवले: कुझुशी, त्सुकुरी, काके. आधी समोरच्याचा तोल मोडायचा, मग आत शिरून बसायचं, मग फेकायचं. माझ्या बाबतीत समोरचीला कुझुशी करावीच लागत नव्हती. ती मीच तिच्या हातात देत होते.

मला वाटलं होतं पहिल्या दिवसापासून बोसूच्या, म्हणजे सपाट तळाच्या फुगीर अर्ध्या चेंडूवर उभं करतील. पहिले दोन आठवडे ताईंनी त्याला हातही लावू दिला नाही. भिंतीसमोर उभं राहून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून किती दूर नेता येतो ते मोजायचं. उजवा ११ सेंटिमीटर, डावा साडेसात. म्हणजे समोरच्या दिशेचा जो सात सेंटिमीटरचा फरक मी तोल गेल्याचा म्हणून मनाला लावून घेतला होता, त्यातला बराचसा निव्वळ आखडलेल्या घोट्याचा होता. जाड रबरी पट्टा घोट्याच्या पुढच्या बाजूने अडकवून मागे ताणायचा आणि गुडघा पुढे ढकलत राहायचा, दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. पोटरीचा ताण. पाऊल जमिनीवर सपाट ठेवून बोटं न वळवता कमान उचलायची. आणि थेराबँड, म्हणजे ताणायची रबरी पट्टी, पायाला अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूला ओढायचं, पंधराचे तीन सेट. कंटाळवाणं होतं, पण दोन आठवड्यांत साडेसातचे साडेनऊ झाले. ज्यांचा घोटा मुरगळून गेलाय त्यांना माझं हेच कळकळीचं सांगणं आहे: आधी हे भिंतीचं मोजमाप घ्या. घोटा वाकतच नसेल तर कुठल्याही हलत्या फळीवर उभं राहून फायदा नाही, शरीर कमरेतून वाकून चोरी करतं.

तिसऱ्या आठवड्यात फोमची जाड गादी आली. मी डाव्या पायावर उभी राहिले आणि खाली बघितलं. घोट्याच्या पुढून जाणारी शीर, म्हणजे नडगीवरून पावलावर उतरणारा स्नायूचा तो जाड दोरा, सतत उडत होती. वर, खाली, थांबून परत वर. तिच्या बाहेर बोटांच्या चार बारीक शिरा, त्याही एकामागून एक उठत होत्या, हार्मोनियमच्या पट्ट्या दाबल्यासारख्या. वरून मी अगदी स्थिर दिसत असणार. उजव्या पायावर तेच करून बघितलं तर तिथेही शिरा हलत होत्या, पण बारीक आणि भराभर. डाव्याच्या हालचाली मोठ्या होत्या आणि दोन हालचालींमध्ये मोकळी जागा होती. ताई ज्याला उशीर म्हणत होत्या तो मी तेव्हा डोळ्यांनी बघितला.

मग डोळे मिटून. मग डोळे उघडे ठेवून मान डावी-उजवी वळवत, कारण उची मातात डोकं वळतं आणि डोकं वळलं की कानातली बातमी बदलते. मग गोल उकेमी, म्हणजे न लागता पडायची कोलांटी, घेऊन उठायचं ते थेट डाव्या पायावर. वॉबल बोर्ड ताईंकडे होता, घरी नव्हता. मी गल्लीतल्या सुतारांकडून प्लायची गोल फळी कापून घेतली, खाली लाकडाचा अर्धगोल ठोकून घेतला, वर जुन्या मॅटचा तुकडा चिकटवला. साडेचारशे रुपयांत काम झालं. अजून तोच वापरते.

एका संध्याकाळी ओसरीवर फळीवर उभी होते आणि आबा, माझे आजोबा, पलंगावरून बघत होते. आमचं घर कोल्हापुरातलं. आबा तरुणपणी सात वर्षं तालमीत राहिलेले. बराच वेळ बघून म्हणाले, "बोटं मोकळी का सोडलीस? धर की त्या फळीला."

"आबा, हे तोलासाठी आहे, पकडीसाठी नाही."

"त्येच म्हंतोय मी. माती पायाला धरत न्हाई पोरी. पायानं माती धराय लागती."

मग त्यांनी तालमीतल्या हौद्याबद्दल सांगितलं. पूर्वीही ऐकलं होतं, पण तेव्हा मी घोटा घेऊन ऐकत नव्हते. लाल माती, तिच्यात हळद, लिंबू, ताक, तेल. पहाटे जोर-बैठकांच्या आधी पोरांनीच फावड्याने हौदा उकरायचा, खालची माती वर आणायची, ढेकळं फोडायची. उकरलेल्या मातीत पाऊल रुततं, टाच एका बाजूला जास्त जाते, दुसऱ्या बाजूला कमी. त्याच भुसभुशीत मातीत खडाखडी, त्यात टांग मारायची. टांग हा डाव आमच्या उची माताचा सख्खा भाऊच. एका पायावर उभं राहूनच मारायचा. आणि फावडं मारताना कमरेतून जोर, पायाखाली हलती जमीन. अस्थिर पृष्ठभाग आणि भाराचा व्यायाम असे दोन वेगळे शब्द त्यांच्याकडे नव्हते. ते सगळ्याला मेहनत म्हणत. मी फळीवर बोटं रोवली. थरथर लगेच कमी झाली नाही, पण पाऊल आता फळीवर नुसतं ठेवल्यासारखं राहिलं नाही.

इथपर्यंत सगळं चांगलं चाललं होतं आणि इथेच मी चूक केली.

फळीवर मिनिटभर उभं राहता यायला लागल्यावर मला घाई झाली. एका जिममध्ये जायचे, तिथे बोसू होता. तिथल्या ट्रेनरनी सुचवलं की पायाचे सगळे व्यायाम त्याच्यावरच कर, तोल आणि ताकद एकाच वेळी वाढेल. मला ते पटलं. चौथ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत स्क्वॉट बोसूवर, लंज बोसूवर, हातात सहा-सहा किलोचे डंबेल. अंग घामाने भिजायचं, मांड्या थरथरायच्या, म्हणून व्यायाम भरपूर झाला असं वाटायचं. आठव्या आठवड्याच्या सुरुवातीला सहज जमिनीवर बारबेल घेतला. दुखापतीच्या आधी ६५ किलोचे पाच स्क्वॉट सरळ निघायचे. साडेसत्तावन्नला चौथा अडकला. मॅटवरही तेच जाणवत होतं: आता डावा पाय डगमगत नव्हता, पण समोरचीला उचलायला लागणारा तो खालून वर येणारा रेटा नव्हता. उभी राहत होते आणि तिथेच थांबत होते.

ताईंना सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. कागदावर दोन उभ्या रेघा काढून समजावलं. पायाखाली हलतं असलं की मेंदू आधी सांधा वाचवतो. भोवतालचे सगळे स्नायू एकदम आवळले जातात आणि ढकलण्यासाठी जोर कमी उरतो. कॅनडातल्या डेव्हिड बेम आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मोठ्या चेंडूवर बसवून मांडीचा जोर मोजला, तर तो पक्क्या बैठकीवरच्या जोराच्या निम्म्याहूनही कमी भरला. ताकद वाढायला मोठा भार लागतो, आणि हलत्या पृष्ठभागावर तो भार घेताच येत नाही. घेतला तर पडायची भीती. म्हणजे एका दगडात दोन पक्षी मारायला गेले आणि एकही धड हाती आला नाही.

तेव्हापासून दोन्ही कामं वेगळी केली. आठवड्यातून दोन दिवस जड काम, पक्क्या फरशीवर, अनवाणी: मागचा पाय बाकावर ठेवून एका पायाचे स्क्वॉट, डेडलिफ्ट, एका पायावर वाकून वजन उचलणं, पोटरीसाठी एका पायावर टाचा उचलणं. डावा पाय आधी, आणि उजव्याला डाव्याहून एकही जास्त फेरी नाही. फळीचं काम रोज, पण दहा-बारा मिनिटंच, सरावाच्या आधी, पाय ताजे असताना.

पण याहून मोठी गोष्ट वेगळीच निघाली, आणि ती सरांमुळे कळली. मी त्यांना सांगत होते की फळीवर आता दीड मिनिट उभी राहते. ते म्हणाले, "छान. पण इथे मॅट हलते का कधी? मॅट जागेवर असते. हलवते ती समोरची." ज्युदोची मॅट पायाखाली किंचित दबते हे खरं, पण ती वाकडी होत नाही. जे अस्थिर असतं ते माझ्या हातात असतं. पन्नास-पंचावन्न किलोचं, जिवंत, माझ्या विरुद्ध विचार करणारं. माझा सगळा सराव पायाखालच्या अस्थिरतेचा झाला होता. भाराच्या अस्थिरतेचा अजिबात नाही.

मग आम्ही तेच बनवायला घेतलं. वीस लिटरचा पाण्याचा कॅन अर्धा भरला, साधारण दहा किलो. तो छातीशी कवटाळून डाव्या पायावर जोर देत मागे-पुढे पावलं टाकायची, मधेच थांबायचं. या कॅनने मला जितकं शिकवलं तितकं बोसूने नाही शिकवलं. मी थांबते, पाणी थांबत नाही. माझं पाऊल रोवलं गेल्यावर अर्ध्या क्षणाने पाणी येऊन कॅनच्या भिंतीवर आदळतं आणि मला पुढे लोटतं. मग परत मागे. पहिल्या दिवशी प्रत्येक पावलाला मी एक जादा पाऊल टाकत होते. समोरची मुलगीही अशीच उशिरा येते. मी तिला ओढते, ती विरोध करते, आणि तिचा विरोध माझ्यापर्यंत पोचतो तेव्हा मी आधीच वळायला लागलेली असते. पूर्ण भरलेल्या कॅनमध्ये ही गंमत नाही. तो जड असतो, पण मुका.

दुसरं, पट्ट्याचं काम. माझ्या कमरेला एक जादा ओबी, म्हणजे ज्युदोच्या पोशाखाचा पट्टा, बांधून तिची दोन्ही टोकं जोडीदारणीने धरायची. मी डाव्या पायावर, उजवा गुडघा वर, नजर समोर. ती मागे उभी, कधी डावीकडे हिसका, कधी मागे, कधी काहीच नाही. काहीच नाही हे सगळ्यात अवघड, कारण अंग आधीच आवळून बसतं आणि आवळलेलं अंग हिसक्याला मोडतं. पहिल्या दिवशी दहा हिसक्यांपैकी सातदा माझा उजवा पाय खाली टेकला. ती बिचारी, जूनमध्ये जिच्या डावात माझा घोटा गेला तीच, फार हळू ओढायची. तिला म्हटलं, "अगं, तू हळू ओढलंस तर मी शिकणार कधी?" त्यानंतर तिने मनापासून ओढलं.

तिसरं, सायकलच्या ट्यूबा. आमच्याकडे बहुतेक सगळे ज्युदोपटू खिडकीच्या गजाला जुन्या ट्यूबा बांधून उचीकोमी करतात, म्हणजे डावात शिरायच्या शंभर शंभर आवृत्त्या. सरांनी त्यात एक बदल केला. एक ट्यूब नवी, ताठ. दुसरी जुनी, सैल. दोन्ही हातांना वेगळा ओढा. आणि मी शिरत असताना कुणीतरी मधेच एका ट्यूबला बाजूने हिसका द्यायचा. एकसारख्या ओढीत अंगाला सवय लागते आणि पाय झोपी जातो. अशा वाकड्या ओढीत डाव्या चवड्याला प्रत्येक वेळी नव्याने जागा शोधावी लागते. आबांनी सांगितलं होतं तशी बोटं मॅटला धरायला लागली होती, हे मला त्या दिवसांत एकदा पायाकडे लक्ष जाऊन कळलं. मुद्दाम करत नव्हते.

दहाव्या आठवड्यापासून आठवड्यातून एकदा हेच पट्ट्याचं काम सरावाच्या शेवटी, दमल्यावर. महिलांची लढत चार मिनिटांची, पण बरोबरी राहिली तर पुढे गोल्डन स्कोअर, म्हणजे पहिला गुण घेईल ती जिंकली, आणि त्याला वेळेची मर्यादा नाही. ताज्या पायाचा तोल तिथे उपयोगाचा नसतो. दमल्यावर माझे आकडे पडले: ताजी असताना दहातून दोनदा पाय टेकायचा, दमल्यावर पाचदा. ताईंनी बजावलं होतं की दुखलं किंवा पाऊल कडेवर जायला लागलं तर लगेच थांबायचं, आणि मी थांबले, दोनदा.

बाराव्या आठवड्यात परत मोजलं. डोळे मिटून डावा पाय, २३ सेकंद. भिंतीजवळ साडेदहा. वाय चाचणीत डावा ६१, ९७, ९१, म्हणजे जवळजवळ नव्व्याण्णव टक्के. उजवाही न मागता सुधारला: ६३, ९९, ९५. समोरच्या दिशेचा फरक सातावरून दोनावर आला. जमिनीवर ६७.५ किलोचे पाच स्क्वॉट झाले. माझ्या एकटीच्या पायावरून कुणी नियम काढू नये, पण आकडे जसे आले तसे दिले आहेत.

त्यानंतर महिन्याभराने निवड स्पर्धा होती. दुसऱ्या लढतीत तिसऱ्या मिनिटाला समोरचीने दे आशी बाराई मारली, जूनमध्ये बसली होती तशीच, त्याच पायावर. पाऊल टेकतानाच आत ढकललं गेलं. करंगळीची कड मॅटला लागली हे मला स्पष्ट कळलं. आणि त्याच क्षणी घोट्याच्या बाहेरून, वर पोटरीपर्यंत, काहीतरी ताठ झालं आणि पाऊल परत सपाट आलं. मी काही केलं नाही. विचार करायला वेळच नव्हता. समोरची आपल्या डावाच्या मागे झुकलेली राहिली आणि मी उभी होते. पकड परत घेतली तेव्हा हात कापत होते, पाय नाही. लढत गोल्डन स्कोअरमध्ये गेली आणि मिनिटभराने उची मातावर वाझा-आरी, म्हणजे इप्पोनच्या खालचा गुण, मिळाली.

पुढची लढत मी हरले. खाली जमिनीवर सापडले आणि वीस सेकंद सुटता आलं नाही. तो वेगळा धडा आहे, त्यावर काम सुरू आहे.

घरी आल्यावर आबांना दे आशी बाराईबद्दल सांगितलं. त्यांनी डावा पाय मागितला, मांडीवर घेतला, अंगठ्याने घोट्याच्या बाहेरची ती शीर चाचपली आणि पोटरीपर्यंत वर गेले. मग फक्त "हं" म्हणाले आणि उजवा पाय मागितला.

फळी अजून ओसरीवरच असते. थेराबँड आठवड्यातून तीनदा, कॅन दोनदा, ट्यूबा रोज. मागे बाहेरच्या दिशेला डाव्या पायाचे चार सेंटिमीटर अजून कमी आहेत, आणि नेमक्या त्याच दिशेला उची माताच्या शेवटी माझं वजन जातं. ताई म्हणतात तो भाग घोट्याचा नाही, कमरेच्या बाजूच्या स्नायूंचा आहे. त्यासाठी सोमवारपासून कॅन एका खांद्यावर.